ओतून दिलेला रस्सा

२ मे, शनिवार

झालं! मुलाने मला शाळेत घातलं. अडुसष्टाव्या वर्षी! सोमवारपासून फ्रेंच स्वयंपाकाचा वर्ग — दोन आठवडे, सोमवार-बुधवार-शुक्रवार, सकाळी दहा ते एक. "आई, तू दिवसभर घरात एकटी कंटाळतेस. तुला स्वयंपाकाची आवड आहे, चार माणसं भेटतील." फी भरून टाकली म्हणे, परत मिळत नाही. म्हणजे नाही म्हणायची सोयच ठेवली नाही.

मला सगळं कळतं. परदेशात येऊन मला आठ दिवस झाले. परवा दुपारी सूनबाई कामावर होती, तेव्हा मी तिच्या ओट्याशी जाऊन चार माणसांचा सगळा स्वयंपाक करून ठेवला. संध्याकाळी सगळे मुकाट्याने जेवले. मुलगा तीन ग्लास पाणी प्यायला. नातीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आईने तिच्याकडे नुसतं पाहिलं. मग मला म्हणाली, "आई, तुम्ही कशाला एवढा त्रास घेता? तुम्ही बसा." आणि आज हा वर्ग! मला ओट्यापासून लांब ठेवायचं, तेही वाईटपणा न घेता. हुशार आहेत दोघं.

पण राग येत नाही मला. सूनबाईच्या ओट्यावरून काही बोलायचा हक्क मी बारा वर्षांपूर्वीच घालवून बसले आहे.

३ मे, रविवार

लिहूनच टाकते एकदा. इतक्या वह्या भरल्या, पण हे कुठल्याच वहीत नाही.

ह्यांच्या निवृत्तीचं जेवण. घरीच. ऑफिसातली पंचवीसेक माणसं, बायकांसकट. सूनबाईचं लग्न होऊन सहा महिने झाले होते. मी मोठं पातेलंभर रस्सा केला होता आणि साडी बदलायला आत गेले होते. परत येऊन बघते तर ही ओट्याशी, पळी तोंडाला लावलेली! एक घोट घेतला, क्षणभर थांबली, आणि तीच पळी पुन्हा पातेल्यात.

आमच्या घरात करताना चाखत नाहीत. पानात वाढेपर्यंत जिभेला लावायचं नाही. मीठ हाताला कळलं पाहिजे. सासूबाईंनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, मी हिला पहिल्याच दिवशी सांगितलं. दवाखान्याच्या औषधखिडकीत चौतीस वर्षं मी ग्रॅम-मिलिग्रॅम मोजत बसले, पण घरी आल्यावर मापाला हात लावला नाही. माझा हात म्हणजे हात! सगळे म्हणायचे.

तळपायाची आग मस्तकात गेली. "उष्टं केलंस!" म्हणाले. चांगलं खणखणीत, बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असं. पातेलं उचललं आणि सगळा रस्सा मोरीत ओतला. दारात बायका जमलेल्या. हेही होते. सूनबाई पळी हातात धरून उभी. कानाच्या पाळ्या लालबुंद. तोंडातून एक शब्द काढला नाही. मग बाहेरून भाज्या मागवल्या, त्या पिशव्यांतून पाहुण्यांच्या देखत आल्या.

त्या दिवसापासून ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबरठ्याच्या आत आली नाही. भांडण नाही, उलट उत्तर नाही. "चहा टाकतेस का?" विचारलं तर म्हणायची, "तुमच्याच हातचा छान होतो, आई." बोलणं कसं लोण्यासारखं, पण पाय उंबरठ्याच्या बाहेर. वर्षाच्या आत मुलाने इकडची नोकरी घेतली. लोकांना आम्ही पगाराचं कारण सांगितलं. मला खरं कारण माहीत आहे.

विमानात बसतानाच ठरवलं होतं — परत जाण्याआधी तिची माफी मागायची. सतरा तारखेचं परतीचं तिकीट आहे. आठ-नऊ दिवस गेले, अजून तोंड उघडलेलं नाही. रोज सकाळी शब्द जुळवते, ती समोर आली की "आज थंडी आहे ना" एवढंच निघतं.

४ मे, सोमवार

वर्ग पडद्याच्या कापडाच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. लांबट खोली, सहा टेबलं, प्रत्येकावर शेगडी, दोघांत एक. बाई सत्तरीच्या, काटकुळ्या, केस पुरुषी कापलेले, आवाज मात्र पंगतीत वाढणाऱ्या माणसाचा. मी त्यांना शेफबाई म्हणायचं ठरवलंय. तीस वर्षं एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात उभं राहून काढली म्हणे. त्यांच्या मते खुर्चीत बसून भाजी चिरणाऱ्या माणसावर विश्वास ठेवू नये. मी आयुष्यभर बसूनच चिरली.

माझ्या टेबलावर एक निवृत्त बसड्रायव्हर. पासष्टीचे, पोट सुटलेलं, हात खोऱ्यासारखे. मी त्यांना ड्रायव्हरभाऊ म्हणते — मनात. बायको दोन वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून उकडलेली अंडी आणि पाव. लेकीने नाव घातलं. मी म्हटलं, मला मुलाने घातलं. हसले. "म्हणजे आपण दोघंही शिक्षा भोगतोय." माझं इंग्रजी औषधाच्या चिठ्ठ्यांएवढं, त्यांचं त्याहून थोडं बरं. भागतंय.

मी आधीच कळवलं होतं — अंडं चालेल, मांस-मासे नको. शेफबाई म्हणाल्या, अंडं, लोणी, दूध आणि पीठ एवढ्यावर अर्धा फ्रेंच स्वयंपाक उभा आहे, काळजी नको.

आज नुसते कांदे. एक तास! एकसारखे तुकडे. नाकाने कांदे सोलणारी म्हणून मी घरात प्रसिद्ध आहे, आज चाकूने सोलायला लावले. माझे तुकडे बघून शेफबाईंनी मान हलवली, म्हणजे बरे आहेत. ड्रायव्हरभाऊंचे तुकडे बघून नुसताच सुस्कारा.

प्रत्येक टेबलावर दोन बरण्या. एकीत पंधरा-वीस स्वच्छ चमचे, दुसरी रिकामी. पदार्थ प्रत्येक पायरीला चाखायचा. चमचा तोंडाला लागला की तो दुसऱ्या बरणीत, पुन्हा पातेल्यात नाही. "चाखल्याशिवाय पुढची पायरी नाही," शेफबाई म्हणाल्या. मी चमच्यांची बरणी हळूच ड्रायव्हरभाऊंकडे सरकवली. चमच्यांमुळे उष्ट्याचा प्रश्न नव्हता, तरीसुद्धा.

५ मे, मंगळवार

आज बोलणार होते. सूनबाईचं डोकं दुखत होतं. म्हणजे मला सबब मिळाली.

६ मे, बुधवार

सूप. बटाटा आणि लीक — लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. लोण्यावर मंद आचेवर परतायचं, रंग बदलू द्यायचा नाही. मग पाणी, बटाटा, शेवटी साय. माझं सूप वर्गात सगळ्यांत देखणं झालं! पांढरं, मऊ, एक गुठळी नाही. मीठ मी घातलं. ड्रायव्हरभाऊ चाखायला निघाले, मी म्हटलं, थांबा हो, माझा हात बसलेला आहे.

शेफबाई आल्या. चमचा घेतला. तोंडात घातला. डोळे मिटले. मला वाटलं, आता शाबासकी! त्यांनी चमचा दुसऱ्या बरणीत टाकला, सिंकवर गेल्या आणि पाणी प्यायल्या.

"मीठ कोणी घातलं?"

"मी."

"चाखलंत?"

"नाही. अंदाज आहे माझा."

"मग बरोबर आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

चौतीस वर्षं खिडकीत बसून मी लोकांना दरडावलं — अंदाजाने गोळ्या घेऊ नका, मोजून घ्या. आणि इथे एका परक्या बाईपुढे मान खाली घालून उभी. सगळा वर्ग बघत होता. चेहरा तापला. बारा वर्षांपूर्वी सूनबाईच्या कानाच्या पाळ्या कशा लाल झाल्या होत्या ते आठवलं, आणि मग सूपबीप सगळं डोक्यातून गेलं.

शेफबाईंनी सूप ओतलं नाही, एवढं लिहायला हवं. त्यात दोन बटाटे आणि पाणी घालून पुन्हा उकळायला लावलं. "फेकायचं कधीच नाही," म्हणाल्या. "सुधारायचं."

७ मे, गुरुवार

संध्याकाळी खोलीतून पाणी घ्यायला निघाले. स्वयंपाकघराचं दार अर्धं उघडं. सूनबाई आणि नात शेगडीशी. सूनबाईने पळी पुढे केली, नातीने फुंकर मारून चाखलं, तोंड वाकडं केलं.

"लिंबू कमी आहे, आई."

"तुला लिंबू म्हणजे जीव की प्राण."

"अजून एक थेंब! एकच!"

मग सूनबाईने त्याच पळीने चाखलं. "बरं बाई, तुझं खरं." लिंबू पिळलं. दोघी हसत होत्या. सूनबाई एवढ्या मोकळेपणाने हसते हे मला माहीतच नव्हतं! बारा वर्षांत एकदाही ऐकलं नाही. मी दार लोटलं आणि हसणं थांबलं. पळी बाजूला गेली, झटकन. चोरी पकडल्यासारखी.

"काही हवं होतं का, आई?"

"पाणी."

पाणी घेऊन खोलीत आले. रडले. आपण काय घालवलं हे इतकं स्वच्छ दिसलं की सहन होईना. ती माझ्याही घरात अशीच हसली असती. माझ्याशी लिंबावरून भांडली असती. मी ते सगळं मोरीत ओतलं.

८ मे, शुक्रवार

व्हाइट सॉस. लोणी वितळवून मैदा भाजायचा, मग दूध थोडं थोडं. आज ठरवून गेले होते — चाखायचं. चाखलं! आयुष्यात पहिल्यांदा, उभ्याने, शेगडीशी. सासूबाई वरून बघत असतील या भीतीने आधी छताकडे पाहिलं, मग चमचा तोंडात घातला.

बेताचं वाटलं. थोडं मिळमिळीत म्हणून चिमूटभर मीठ आणखी घातलं. पुन्हा चाखलं, अजून एक चिमूट. मग ड्रायव्हरभाऊंना म्हटलं, आता तुम्ही बघा. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि ठसकाच लागला. बिचारे लाजले. "समुद्र आहे," हळूच म्हणाले.

शेफबाईंनी ते ऐकलं. थोड्या वेळाने मला खिडकीजवळ बोलावलं. चार वाट्या मांडलेल्या, चारीत कोमट पाणी. "चारीत मीठ आहे, कमीजास्त. कमीपासून जास्तीपर्यंत ओळीने लावा."

मी चाखलं. पुन्हा चाखलं. चारी सारख्याच. शेवटी मनाला येईल तशा लावल्या. जी सगळ्यांत फिकी म्हणून पहिली ठेवली, तीच सगळ्यांत खारट होती.

हात गार पडले माझे. शेफबाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हॉटेलात माझ्या हाताखालच्या एका आचाऱ्याचं असंच झालं होतं. तो पुढे नऊ वर्षं उत्तम स्वयंपाक करत होता. फक्त रोज शेजारच्याला विचारायचा." मग म्हणाल्या, "विचारायला लाज वाटू द्यायची नाही."

९ मे, शनिवार

चव गेली आहे माझी. लिहिताना खोटं वाटतं. गोड कळतं, आंबट कळतं. मिठाचं कळत नाही.

मीच लोकांना सांगायचे — रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोणाकोणाची चव मंदावते, तसं झालं तर डॉक्टरांना सांगा, लपवू नका. शेकडो लोकांना सांगितलं असेल. माझी गोळी मात्र मी गुपचूप गिळत राहिले. चाखणं नाही, आणि पानात वाढल्यावर जेवले ते आपल्याच हाताच्या कौतुकात. कळणार कुठून? हे तर दोन वाट्या भात जास्त घेऊन भाजीत कालवायचे, मला वाटायचं ह्यांना भातच आवडतो!

तेरा वर्षं झाली त्या गोळीला.

म्हणजे त्या दिवशी — नको. त्या दिवशीचा रस्सा ठीकच असणार. एवढ्या माणसांचं मीठ मी मोजून घेतलं असणार. घेतलं होतं ना? आठवत नाही. आणि तसंही तिने पळी उष्टी केली होती, ते काही माझ्या गोळीने झालं नाही.

ह्यांना फोन केला. हे गुडघ्यामुळे आले नाहीत, तिकडे एकटेच आहेत, शेजारच्या ताई डबा देतात. "सूनबाई बरी आहे ना?" — पहिलं वाक्य हेच. नेहमी हेच! बायको दुसरी, सून पहिली. मग मी वाट्यांचं सांगितलं. पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, फोन कटला.

"आहात का?"

"आहे. तू घरी ये, मग बोलू."

म्हटलं, घाबरू नका हो, जिवाचं काही नाही. "तसं नाही," म्हणाले आणि गुडघ्याचं काहीतरी बोलायला लागले. म्हातारपणी फार हळवे झालेत.

११ मे, सोमवार

ऑम्लेट. सात अंडी फोडली तेव्हा एक जमलं. बाहेरून डाग नको, आतून ओलसर हवं. ड्रायव्हरभाऊंचं दुसऱ्या अंड्यालाच जमलं! मोठी गाडी वळवणारे हात, तवा कसा अलगद वळवतात. मला जरा जळायलाच झालं.

आमचा करार झाला — चिरायचं मी, मीठ त्यांनी. मी चमचा पुढे करते, ते चाखतात आणि बोट वर करतात किंवा खाली. पहिल्यांदा फार जड गेलं. तिसऱ्या वेळेला सवय झाली. माणसाला विचारलं की माणूस किती खूश होतो! ते म्हणाले, "बायको मला असंच विचारायची. मी पेपर वाचत 'छान आहे' म्हणायचो. चाखायचोसुद्धा नाही." मग बराच वेळ तवा पुसत राहिले.

शुक्रवारी शेवटचा दिवस. प्रत्येक टेबलाने पूर्ण जेवण करायचं आणि एकेक पाहुणा बोलवायचा. पाहुणा टेबलासमोर उंच स्टुलावर बसणार.

मला एकच नाव सुचलं.

१२ मे, मंगळवार

सूनबाईला विचारलं. भांडी लावताना, पाठमोरी असताना. समोरून धीर झाला नसता.

"शुक्रवारी माझ्या वर्गात येशील? जेवायला."

हातातली थाळी तशीच राहिली. "ह्यांना घेऊन जा ना, आई. ह्यांना आवडेल."

"तूच ये."

"मला शुक्रवारी सुटी मिळणं कठीण आहे."

"बघ जमलं तर," म्हटलं आणि खोलीत आले. मुलगा नंतर येऊन म्हणाला, "आई, तिला आग्रह करू नकोस. तिला त्या गोष्टीचा... जाऊ दे." त्या गोष्टीचा! म्हणजे ह्या घरात त्या गोष्टीला नावच नाही. मलाही नाव घ्यायचा धीर झाला नाही.

१३ मे, बुधवार

टार्टचं पीठ — टार्ट म्हणजे खुसखुशीत पारीत फळं भरून भट्टीत भाजायचं. गार हाताने मळायचं. माझे हात ह्या आठवड्यात गारच आहेत, शेफबाई खूश.

सूनबाईने होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

१५ मे, शुक्रवार

आली!

दहा मिनिटं उशिरा, ऑफिसच्या कपड्यांत, केस विस्कटलेले. दारात उभी राहून टेबलं शोधत होती. मी हात वर केला, शाळेतल्या पोरीसारखा. ड्रायव्हरभाऊंची लेक आधीच येऊन बसली होती, बापाच्या हातात चाकू बघून हसू आवरेना तिला.

सूप, चीजचं सूफ्ले — फेटलेल्या अंड्याचं, भट्टीत फुगणारं — आणि सफरचंदाचा टार्ट. सूफ्ले भट्टीत असताना सूप शेवटच्या उकळीला आलं. ड्रायव्हरभाऊंनी सवयीने चमच्याला हात घातला. मी म्हटलं, आज तुम्ही नको. बरणीतला स्वच्छ चमचा घेतला, सूपमध्ये बुडवला, फुंकर मारली आणि टेबलावरून सूनबाईपुढे धरला.

"चाख. मीठ बघ."

तिचा चेहरा पांढरा पडला. हात पाठीमागे गेला. "मी?"

"मला मिठाचं कळत नाही आता. तू सांग."

चमच्यातलं अर्धं सूप खाली सांडलं. मग तिने चमचा घेतला. चाखलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून चिमूटभर हवं."

मिठाची वाटी तिच्याकडे सरकवली. "तूच घाल."

तिने घातलं. ढवळलं. दुसरा चमचा घेऊन पुन्हा चाखलं आणि मान हलवली. डोळे भरले होते तिचे. माझेही. ड्रायव्हरभाऊ मुद्दाम भट्टीच्या काचेत डोकावत बसले, देवमाणूस!

सूफ्ले बसलं. फुगलेलं बाहेर काढलं आणि टेबलापर्यंत येईस्तोवर खाली. कोणालाही वाईट वाटलं नाही. सूनबाईने सगळं खाल्लं.

नंतर दोघी बसस्टॉपवर उभ्या होतो. बाकावर जागा होती, पण बसलो नाही. मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. माफी हा शब्द घशापर्यंत आला होता. आणि मी बोलले —

"ते निवृत्तीच्या जेवणाचं. मी जरा जास्तच केलं त्या दिवशी."

तिने पर्सचा बंद सारखा केला.

"पण तू ते मनात ठेवू नकोस. मी तर केव्हाच विसरले. तुझं वय तरी काय होतं! नव्या मुलीच्या हातून होतात चुका. माझ्या मनात तुझ्याबद्दल आता काहीही नाही."

ठरवलं होतं ते अगदी तसंच नाही आलं, पण त्याच्या जवळपासचं आलं. ती बस येते का ते बघत होती. तिकडेच बघत म्हणाली, "बरं, आई."

आणि मग, "बाबांचा गुडघा कसा आहे?"

बसमध्ये तिने मला खिडकीची जागा दिली. पिशवीही स्वतःच्या मांडीवर घेतली. किती हलकं वाटतंय! बारा वर्षांचं ओझं उतरलं. पुढच्या वर्षी ती माझ्या स्वयंपाकघरात येईल. यायलाच हवी आता.

१७ मे, रविवार

विमानतळावर नात रडली. सूनबाई वाकली, मी तिला वरच्यावर धरलं. तिचा हात थोडा जास्त वेळ धरून ठेवला. ती हसली, पण ते गुरुवारच्या संध्याकाळचं हसणं नव्हतं. एका दिवसात कसं येईल? वेळ लागतो.

१९ मे, मंगळवार

सकाळी सूप केलं. चमचा ह्यांच्यापुढे धरला. "चाखा आणि खरं सांगा."

"खारट आहे," म्हणाले. चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"कधीपासून?"

"तुझी गोळी सुरू झाली त्यानंतर थोड्याच दिवसांनी."

"मग त्या दिवशीचा रस्सा?"

हे टेबलाकडे बघत राहिले. "तू साडी बदलायला गेलीस तेव्हा मी वाटीभर घेतला होता. तोंडात धरवेना. मीच सूनबाईला आत पाठवलं. म्हटलं, चाखून बघ, पाणी घाल, काहीतरी करून सारखं कर, पण हिला कळू देऊ नकोस. चारचौघांत तुझी शोभा व्हायला नको म्हणून."

"मी ओतलं तेव्हा तुम्ही दारात होतात."

"होतो."

"मग बोलला का नाहीत?"

"सगळे बघत होते गं."

बारा वर्षं तिने माझ्या मिठाचा विषय काढला नाही आणि ह्यांचं नाव घेतलं नाही.

आणि मी तिला बसस्टॉपवर माफ करून आले.